शंका आली की एक्स-रे! बटन सेल आणि घरातली लहान मुलं

(तरुण पालक आणि कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. पदवी इंजिनिअरिंगची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण तो निम्मा वैद्यकीय आहे आणि निम्मा विजेचा. विजेची बाजू नीट कळली की डॉक्टर घाई का करतात, हे आपोआप कळतं. आणि आज मला बोलायचं आहे ते या घाईबद्दलच.

माझ्या हातात आहे तो चपटा, चकचकीत सेल तुमच्या ओळखीचा आहे. आपण त्याला घड्याळाचा सेल म्हणतो, रिमोटचा सेल म्हणतो, बटन सेल म्हणतो. यावर लिहिलंय सीआर २०३२. हा आकडा वाचायला शिका. पहिले दोन अंक म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. पुढचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ची जाडी २.५ आणि सीआर २०१६ची १.६ मिलिमीटर. तिघांचा व्यास एकच, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. तिघांचा दाबही एकच, ३ व्होल्ट. बोटात घालायच्या डिजिटल तसबीह काउंटरमध्ये किंवा कॅल्क्युलेटरमध्ये असतात ते त्याहून लहान सेल, साधारण दीड व्होल्टचे. तेही निरुपद्रवी नाहीत, पण सगळ्यात जास्त घात करतो तो हा २० मिलिमीटरवाला. कारण वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. आणि अडकल्यावर त्याच्या अंगात ३ व्होल्ट असतात.

सेल फुटत नाही, गळत नाही. मग होतं काय?

आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की सेल पोटात फुटतो, आतलं रसायन गळतं आणि विषबाधा होते. म्हणून मूल हसत-खेळत असेल तर आपण निर्धास्त राहतो. ‘सेल नवा होता, गंजलेला नव्हता, काही होणार नाही’, असं म्हणतो. हा समज मनातून काढून टाका. सेल जितका नवा आणि धडधाकट, तितका धोका जास्त.

सेलची एक बाजू धन, दुसरी ऋण. टेबलावर ठेवलेल्या सेलमधून वीज वाहत नाही, कारण मंडल पूर्ण होत नाही. अन्ननलिकेत तो अडकला की ओलसर मांस दोन्ही बाजूंनी त्याला चिकटतं. लाळेत क्षार असतात, म्हणजे ती विजेची वाहक. मंडल पूर्ण झालं. आता वीज मुलाच्या मांसातून वाहते. शाळेत पाण्याचं विद्युत अपघटन शिकलो होतो, आठवतंय? पाण्यात दोन तारा बुडवल्या की बुडबुडे येतात. तेच इथे होतं. ऋण बाजूला हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे नाल्या साफ करायच्या कॉस्टिकसारखा तीव्र अल्क. ते मांसाला अक्षरशः विरघळवतं. आम्लाने भाजलं तर वरचा थर कडक होतो आणि इजा काही प्रमाणात तिथेच थांबते. अल्क तसं थांबत नाही, खोल खोल जात राहतं.

इथे या बशीत चिकनच्या तुकड्यावर एक नवा सेल ऋण बाजू खाली करून ठेवलाय. मी सभागृहात आलो तेव्हाच ठेवला होता, त्याला अर्धा तास झाला. आता उचलतो. पुढे येऊन बघा. कडेने फेस आलाय आणि खाली काळपट गोल डाग पडलाय. त्यावर हा पीएच कागद टेकवतो. निळा झाला, म्हणजे अल्क. हे एका निर्जीव तुकड्यावर, खोलीतल्या तापमानाला.

मुलाच्या शरीरात इजा १५ मिनिटांत सुरू होऊ शकते. दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. हा दोन तासांचा आकडा लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. ‘तो सेल संपलेला होता’ याने दिलासा मानू नका. रिमोट चालेनासा झाला म्हणजे सेल रिकामा झाला असं नाही. रिमोटला लागतो तेवढा जोर त्यात उरला नाही, इतकंच. पाण्याचं अपघटन करायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतो आणि ‘संपलेल्या’ लिथियम सेलमध्ये त्याहून जास्त दाब बरेचदा शिल्लक असतो.

अन्ननलिकेचे शेजारी

दोन तास एवढे महत्त्वाचे का, हे कळायला अन्ननलिकेचे शेजारी कोण ते बघावं लागेल. तिच्या पुढे श्वासनलिका, मागे पाठीचा कणा, बाजूला महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसाही तिथूनच जातात. लहान मुलात हे सगळं काही मिलिमीटरच्या अंतरावर असतं.

त्यामुळे जळण्याची दिशा महत्त्वाची ठरते. ऋण बाजू पुढे असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडू शकतं. मग दूध, पाणी, लाळ फुप्फुसात जाऊ लागते. नसा भाजल्या तर आवाज बसतो, श्वास घ्यायला त्रास होतो. मागच्या बाजूला कण्यापर्यंत जंतुसंसर्ग पोचू शकतो. अन्ननलिकेलाच आरपार भोक पडलं तर छातीच्या पोकळीत पू होतो. जखम भरताना व्रण आकसतो आणि नळी अरुंद होते. अशा मुलांची अन्ननलिका भूल देऊन पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते, काहींना महिनोन्‌महिने पोटात नळी घालून भरवावं लागतं. आणि सगळ्यात भीषण म्हणजे महाधमनीला भोक पडणं. त्यात मूल काही मिनिटांत रक्तस्रावाने जाऊ शकतं.

सेल काढला म्हणजे सुटलो, असंही नाही. उतीत शिरलेलं अल्क आणि जळलेला भाग आपलं काम करत राहतात. भोक पडणं किंवा मोठा रक्तस्राव, हे सेल काढल्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही झालेलं आहे. म्हणून घरी सोडल्यानंतर उलटीतून थोडं जरी रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. तो पुढच्या मोठ्या रक्तस्रावाचा इशारा असू शकतो.

नाकात किंवा कानात घातलेला सेलही असाच जाळतो. नाकाच्या पडद्याला काही तासांत भोक पडू शकतं. तिथे थेंब घालू नका. ओल वाढली की वीज आणखी वाहते.

मूल सांगत नाही, शरीरही सांगत नाही

माझ्या कामात दोन प्रकारचे बिघाड भेटतात. एक, ज्यात सगळी यंत्रणा धाडकन बंद पडते. तो बरा. सगळे धावत येतात आणि दुरुस्त करतात. दुसऱ्या प्रकारात बाहेरून सगळं सुरळीत चाललेलं दिसतं आणि आत नोंदी खराब होत राहतात. महागात पडतो तो हा दुसरा. बटन सेल हा दुसऱ्या प्रकारचा बिघाड आहे.

हवा जायला जागा असते, त्यामुळे मूल गुदमरत नाही. सुरुवातीला कदाचित खेळतंही. नंतर दिसतं ते काय? लाळ गळते, खायला नको म्हणतं, उलटी होते, खोकला येतो, श्वासाला घरघर लागते, थोडा ताप, किरकिर. यातलं एकही लक्षण ‘मी सेल गिळलाय’ असं ओरडून सांगत नाही. दात येत असतील, सर्दी असेल, नजर लागली असेल, असं आपण म्हणतो. आणि ज्याला सेलबद्दल कुणी सांगितलेलंच नाही तो डॉक्टरही सर्दी-खोकल्याचंच औषध देतो.

अमेरिकेत टेक्सासमधल्या दीड वर्षाच्या रीस नावाच्या मुलीचं २०२० मध्ये असंच झालं. लक्षणं सर्दीसारखी होती. डॉक्टरांनी लहान मुलांना होणारा घशाच्या सुजेचा आजार असल्याचं निदान केलं. नंतर घरच्यांच्या लक्षात आलं की एका रिमोटमधला बटन सेल गायब आहे. तिला रुग्णालयात नेलं, सेल काढला. पण अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलेलं होतं. अनेक आठवडे उपचार झाले आणि १७ डिसेंबर २०२० रोजी ती गेली. तिच्या आईने पुढे कायद्यासाठी मोहीम चालवली, त्याबद्दल थोड्या वेळाने सांगतो.

ही एखाद्या घरापुरती दुर्दैवाची गोष्ट नाही, हे आकड्यांवरून कळतं. बॅटरी गिळण्याच्या घटनांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यात असं दिसलं की मृत्यू झालेल्या घटनांपैकी ९२ टक्के घटनांमध्ये मुलाने सेल गिळताना कुणी पाहिलंच नव्हतं. आणि मृत्यू झालेल्यांपैकी किमान ५४ टक्के मुलांचं निदान आधी चुकलं होतं.

९२ टक्के. म्हणजे ‘पण गिळताना कुणी पाहिलंय का?’ हा प्रश्नच निकामी आहे. कुणी पाहिलेलं नसणार, असंच धरून चालायचं. म्हणून आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर ते हे : खात्री होण्याची वाट पाहू नका. शंका आली की एक्स-रे. एक्स-रे साधा असतो, स्वस्त असतो आणि काही मिनिटांत होतो. शंका खोटी निघाली तर दोन-चारशे रुपये गेले असं म्हणा आणि घरी या.

शंका आली, आता काय करायचं?

पहिलं, निघायचं. गल्लीतल्या दवाखान्यात रांग लावायची नाही. लहान मुलांची दुर्बीण तपासणी आणि भूल देण्याची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२. तुमच्या घराजवळ असं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून ठेवा. त्या वेळी शोधत बसू नका.

दुसरं, दारात पोचताच ‘बटन सेल गिळल्याची शंका आहे’ हे शब्द मोठ्याने म्हणा. ‘काहीतरी गिळलंय’ असं मोघम नको. एक्स-रेवर सेल नाण्यासारखा गोल दिसतो. पण नीट पाहिलं तर सेलच्या कडेला दोन वर्तुळं दिसतात, एकात एक, आणि बाजूने काढलेल्या चित्रात पायरी दिसते. नाण्याला तसं नसतं. तुम्ही सेलचं नाव घेतलंत तर डॉक्टर ते मुद्दाम बघतील. सेलचं पाकीट, तसाच दुसरा सेल किंवा ती वस्तू सोबत न्या. अन्ननलिकेत सेल असेल तर तो ताबडतोब काढावा लागतो. मूल नुकतंच जेवलंय म्हणून पोट रिकामं होण्याची वाट पाहत बसणं योग्य नाही. सेल पोटात उतरला असेल, तर पुढे काय करायचं ते डॉक्टर मुलाचं वय, सेलचा आकार आणि लक्षणं बघून ठरवतील. सोबत लोहचुंबक गिळल्याचा संशय असेल तर तेही सांगा, तो वेगळाच धोका आहे.

तिसरं, घरगुती उपायांबद्दल. नाणं गिळलं की केळी खाऊ घालायची पद्धत आपल्याकडे आहे. सेलच्या बाबतीत केळी, पोळीचा घास, पाणी, दूध काही नाही. उलटी करवायची नाही. घशात बोट घालायचं नाही. जुलाबाचं औषध नाही.

याला एकच अपवाद आहे, मध. त्यामागे प्रयोग आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डुकराच्या पिलांवर दिसून आलं की मध आणि सुक्राल्फेट हे औषध सेलभोवतीचं अल्क सौम्य करतात आणि इजा कमी होते. त्यावरून अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राने दिलेली सूचना अशी : मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तासांहून जास्त वेळ झालेला नसेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. तोही रुग्णालयाच्या वाटेवर. मध शोधायला दुकानात जायचं नाही. मधाने सेल निघत नाही, फक्त थोडा वेळ मिळतो.

आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. आपल्या कित्येक घरांत तान्ह्या बाळाच्या जिभेला मध लावतात. मधात कधीकधी असे जंतुबीज असतात जे एवढ्या लहान बाळाच्या आतड्यात वाढून बोट्युलिझम नावाचा पक्षाघातासारखा आजार करतात. मध औषधी आहे ही श्रद्धा ठेवून सुद्धा ही मर्यादा पाळता येते.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. त्याचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७. मोबाइलमध्ये साठवा. पण फोन वाटेत करायचा, फोन करून मग निघायचं नाही.

दोन तास कुठे जातात?

आता जरा अवघड गोष्ट बोलतो. हे दोन तास बऱ्याचदा रस्त्यात जात नाहीत, घरात जातात.

समजा, एका एकत्र कुटुंबात दुपारी सुनेच्या लक्षात आलं की वजनकाट्यातला सेल जागेवर नाही आणि छोटा लाळ गाळतोय. ती लगेच बोलेल? की आधी सगळं घर झाडून सेल शोधेल? कारण बोललं की पहिला प्रश्न येणार, ‘तुझं लक्ष कुठे होतं? मोबाइल बघत होतीस ना?’ अब्बा कामावर आहेत, त्यांना फोन करायचा की नाही यावर अर्धा तास. सासू म्हणते, संध्याकाळपर्यंत बघू. आणि सात वर्षांचा मोठा भाऊ, ज्याने खेळता खेळता रिमोटचा सेल काढला होता, तो मार बसेल म्हणून गप्प. खरी माहिती त्या एकट्याकडे असते आणि घरात सगळ्यात जास्त घाबरलेलाही तोच असतो.

दोष शोधण्याची आपली सवय इथे मुलाच्या जिवावर उठते. म्हणून घरात एक करार करा, आणि तो मोठ्यांनी आधी उच्चारायचा : सेल हरवला, गिळला, भावंडाला दिला, काहीही असो, जो सांगेल त्याला कुणी रागावणार नाही. मुलांना तो पुन्हा पुन्हा ऐकवा. आणि घरातल्या प्रत्येक बाईला, मग ती आई असो, खाला असो की दादी, कुणाची परवानगी न मागता मुलाला घेऊन रिक्षात बसता आलं पाहिजे. हातात पैसे आणि रुग्णालयाचं नाव माहीत हवं. हे साधं वाटतं, पण किती घरांत हे खरोखर शक्य आहे, हे तुम्ही मनातल्या मनात मोजून बघा.

मुळात सेल बाहेर येतो कसा?

त्याच काळात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ८,६४८ घटना तपासल्या गेल्या. सहा वर्षांखालच्या मुलांनी गिळलेल्या सेलपैकी सुमारे ६२ टक्के त्यांनी थेट वस्तूतून काढलेले होते. सुमारे ३० टक्के सुटे पडलेले होते. उरलेले पाकिटातून आलेले. म्हणजे दोष निम्म्याहून जास्त झाकणाचा आहे. हा डिझाइनचा प्रश्न आहे, फक्त आईच्या लक्षाचा नाही.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चांगली गोष्ट आहे, खेळणं घेताना ते चिन्ह जरूर बघा. पण तो आदेश खेळण्यांपुरता आहे. भिंतीवरच्या एलईडी पट्टीचा तो पातळ रिमोट, ज्याचा सेलचा कप्पा नखाने सरकतो, तो खेळणं नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, ग्लुकोमीटर, गाडीची चावी, विजेची मेणबत्ती, गाणारं शुभेच्छापत्र, आजोबांचं श्रवणयंत्र, यातलं काहीच खेळणं नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र सगळीच खेळणी. आणि ईदच्या बाजारात, उरुसात हातगाडीवर मिळणारी लुकलुकणारी बोटं आणि शिंगं खेळणीच असतात, पण त्यांवर कुठलंच चिन्ह नसतं.

हे बदलता येतं. ऑस्ट्रेलियाने बटन सेलच्या वस्तूंसाठी सक्तीचे नियम केले, ते जून २०२२ पासून लागू आहेत. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये ‘रीसचा कायदा’ झाला, त्या टेक्सासच्या मुलीच्या नावाने. तिकडचं तत्त्व साधं आहे : वस्तू मुलांसाठी असो वा नसो, सेलचा कप्पा हत्याराशिवाय, किंवा एकाच वेळी दोन वेगळ्या क्रिया केल्याशिवाय उघडता कामा नये. पाकीटही मुलाला फाडता येऊ नये. एका कंपनीने तर सेलला कडू लेप लावला. लेप उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नका, काही मुलं कडू चवीलाही जुमानत नाहीत. अशी मागणी आपणही ग्राहक म्हणून, नागरिक म्हणून करू शकतो. एक स्क्रू फार महाग नसतो.

या आठवड्याचं काम

तोवर घरचं काम आपल्या हातात आहे. रविवारी अर्धा तास काढा आणि गुडघ्यावर बसून, मुलाच्या उंचीवरून घर बघा. बटन सेलच्या सगळ्या वस्तूंची यादी करा. ज्यांच्या कप्प्याला स्क्रू आहे तो घट्ट करा. ज्यांना नाही त्यांना मजबूत चिकटपट्टी लावून वर ठेवा. चिकटपट्टी हा तात्पुरता इलाज आहे, हेही लक्षात ठेवा. ज्या वस्तूचं झाकण तुटलंय ती फेकून द्या. सुटे सेल कुलूपबंद जागी ठेवा. श्रवणयंत्राचे सेल गोळ्यांच्या डबीजवळ नकोत, वयस्क माणसं ते गोळी समजून गिळतात. जुना सेल काढला की लगेच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या. घड्याळवाल्याच्या, मोबाइलवाल्याच्या दुकानात काउंटरवर पडलेले जुने सेल दिसले तर त्यांनाही हे सांगा.

मग आपल्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडी ताई, आशा ताई, मदरशातले आणि बालवाडीतले शिक्षक, फॅमिली डॉक्टर यांच्याकडे जा. लंबंचौडं भाषण नको. तीनच गोष्टी सांगा : सेल गळत नाही, जाळतो. हातात फक्त दोन तास असतात. आणि शंका आली की एक्स-रे.

प्रश्न असतील तर विचारा. आणि निघण्यापूर्वी तो क्रमांक मोबाइलमध्ये घाला : १८०० ११६ ११७.